गाडी आधी सावलीत घ्या

“काकांची व्हॅन बिघडलेली नव्हतीच. बाबांना न्यायची वेळ आली तेव्हा काकांचं मन मागं फिरलं आणि नाव गाडीचं झालं. ज्या घराच्या दारातून बाबांची खाट आत जाणार नाही, त्या घरी ते त्यांना नेऊन ठेवणार होते कुठं? संध्याकाळी तीच गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, आणि काका तीत बसून एकटेच अमरावतीला निघून गेले.”

हे निवेदन माझ्या थोरल्या पुतण्याचे आहे. अकोल्यात, मूर्तिजापुरात, जिथे म्हणून आमचे चार नातेवाईक जमतात तिथे तो ते करतो. मी ते जसेच्या तसे उतरवले आहे. हयातभर अमरावतीच्या न्यायालयात साक्षी लिहून घेण्याचे काम मी केले. दुसऱ्याचे म्हणणे मोडून लिहिण्याची सवय मला नाही. ते मोडून काढायचे असेल तर आधी ते अखंड मांडले पाहिजे, एवढे मला कळते.

यातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि खोट्या निवेदनात तेच सर्वांत घातक असते. गाडी संध्याकाळी सुरू झाली हे खरे, मी एकटा निघालो हेही खरे. परंतु त्याच दिवशी भर दुपारी, माझा थोरला भाऊ त्या गाडीत आडवा झोपलेला असताना, ती सुरू झाली नाही, हे तितकेच खरे आहे. आणि ते सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

व्हॅन जुनी आहे, हे मी नाकारत नाही. निवृत्तीनंतर घेतली तेव्हाही ती दुसऱ्याने वापरलेलीच होती. तिचे इंजिन चालकाच्या आसनाखाली असते, त्यामुळे उन्हाळ्यात माणूस चुलीवर बसल्यासारखा बसतो. तरीही मी ती विकली नाही, कारण मधले आसन काढले की तिच्यात सपाट जागा होते आणि बाजूचे दार सरकते. आमचे संबंध नीट होते त्या काळात भाऊ आणि मी तिच्यात घाट चढून सेमाडोहपर्यंत जाऊन आलो होतो. भाऊ माझ्या शेजारी बसे आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर मी गिअर चुकीचा टाकला असे सांगत असे. चुकीचा मी टाकत नव्हतो.

पुढे आमचे बोलणे बंद झाले. याच पुतण्याच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये माझे नाव नव्हते. भावाचे म्हणणे, छापणाऱ्याची चूक. माझे म्हणणे, मजकूर वाचून संमती देणाऱ्याची. या विषयावर आम्हा दोघांत एकवाक्यता झाली नाही आणि आता होणारही नाही.

गाडीचा दोष मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुरू झाला. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लख्ख लागत, हॉर्न खणखणीत वाजे, आणि सेल्फ मात्र इंजिन फिरवत नसे. आसनाखालून ‘टक्’ असा एक आवाज येई, आणि संपले. पुन्हा फिरवली की पुन्हा टक्. सकाळी असे कधी होत नसे. संध्याकाळी होत नसे. व्हायचे ते दुपारी, गाडी लांबून आल्यावर किंवा उन्हात उभी असल्यावर. आणि दर वेळी होई असेही नाही.

पहिल्यांदा हे घडले ते धामणगाव रेल्वे या गावी. पत्नीच्या बहिणीला आगगाडीत बसवून आम्ही स्टेशनाबाहेर आलो, तर टक्. तिथल्या भल्या माणसांनी आमच्याकडे पाहिले, आणि कोणी काही विचारण्याआधीच चौघांनी व्हॅनला खांदा लावला. “आधी सावलीत घ्या बुवा गाडी,” असे म्हणत त्यांनी ती कडुनिंबाखाली ढकलली. आम्हाला पाणी दिले, चहा पाजला. चहा संपल्यावर मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. चौघेही हसले.

“काकाजी, तुमालेच चहा पाह्यजे होता,” त्यांतला एक म्हणाला.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “तुम्ही किल्ली अर्धवट फिरवत असाल.”

मी किल्ली अर्धवट फिरवत नाही.

अमरावतीत माझा नेहमीचा एक मिस्त्री आहे. त्याचे वडीलही हेच काम करीत. तो मला चाचा म्हणतो आणि माझे काहीही ऐकत नाही. त्याला मी दुपारी फोन करी की आत्ता बंद आहे, आत्ता ये. तो म्हणे, “चाचा, आत्ता? आत्ता कुत्रंही बाहेर नाई हाय. ऊन उतरू द्या, येतो.” ऊन उतरल्यावर तो येई, गाडी सुरू होई. एकदा दुपारी गाडी त्याच्या गॅरेजसमोरच बंद पडली, तर बाहेर आल्या आल्या त्याने पहिले काम काय केले असेल? आपल्या पोरांना हाक मारली आणि गाडी भिंतीच्या सावलीत ढकलली. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दिवसांत माणूस असो, बैल असो की मोटार, बिघडलेले काहीही आधी सावलीत नेतात. मग विचारतात की काय झाले. त्यात वाईट काही नाही. तीच आमची माया आहे. परंतु त्या मायेने माझ्या गाडीतला दोष दर वेळी लपवला.

“पाहा,” सावलीत किल्ली फिरवून तो म्हणाला. इंजिन गुरगुरत होते. “याच्यात काय नाई, चाचा. वहम हाय तुमाले.”

तरीही माझ्या समाधानासाठी त्याने बॅटरी तपासली. ती उत्तम निघाली. सेल्फ काढून उघडला, आतली कोळशी, म्हणजे कार्बनचे ब्रश, बदलली. चालू स्थितीतल्या गाडीत चालू नसणारा भाग शोधायचा, हे काम कोणत्याही मिस्त्रीला दिले तरी तो हेच करील. दोष हजर असल्याखेरीज त्याची तपासणी होत नाही, हे मी न्यायालयात फरारी आरोपींच्या बाबतीत पाहिले होते.

आता मुख्य गोष्ट. भावाला पक्षाघात झाला आणि तो अंथरुणाला खिळला, हे मला दुसऱ्याकडून कळले. मी गेलो नाही. मला कोणी बोलावले नव्हते. या उन्हाळ्याच्या तोंडाशी फोन वाजला. आवाज जड होता, शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून येत होते, पण मी ओळखला.

“लहान्या.”

“बोल भाऊ.”

“मले तुह्या घरी घेऊन जाय.”

“काहून? पोरगा पाहत नाही का?”

“पाहते न. लय पाहते. सून बी पाहते. म्हनूनच.” तो थांबला, त्याला दम लागला होता. “लेका, इथं माह्याशी कोनी भांडत नाही. मी काई म्हनलं की सारे हो बाबा, हो बाबा करतात. असं वाटते मी मेलोच हाओ. तुह्या घरी भांडाले तरी मानूस हाय.”

“पत्रिकेत नाव का नव्हतं?” मी विचारले.

“छापनाऱ्याची चूक होती,” तो म्हणाला. आणि तिकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पुतण्याने विरोध केला. तो त्याचा अधिकार होता, हे मी मान्य करतो. वडिलांना या अवस्थेत हलवू नये असे त्याला वाटत होते. पण भावाने जेवण बंद केले, तेव्हा तो नरमला. अँब्युलन्स बोलावू म्हणाला, तर भाऊ म्हणाला, “त्या गाडीत जानारा मानूस वापस येत नाही. लहान्याची व्हॅन हाय न, तीत झोपून जाईन.” पुतण्याच्या मोटारीत आडवे होता येत नव्हते. म्हणून व्हॅन.

मी पहाटे अमरावती सोडली. मधले आसन काढून जाड गादी घातली होती. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळा रस्ता गाडी निर्दोष चालली. अकोल्याला भावाच्या अंगणात शिरलो तेव्हा ऊन चढले होते. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. त्याखाली पुतण्याची मोटार उभी होती. म्हणून माझी व्हॅन अंगणात, भिंतीकडे तोंड करून, उन्हात उभी राहिली. पुतण्या हा तपशील आपल्या निवेदनात सांगत नाही.

भावाला भेटलो, सुनेने जेवायला बसवले, औषधे बांधून घेतली, आणि या सगळ्यात निघायला दुपार झाली. पुतण्याने आणि दोन शेजाऱ्यांनी चादरीत घालून भावाला आणले आणि गादीवर ठेवले. तो कापसासारखा हलका झाला होता. मी त्याच्या कपाळावर ओला दुपट्टा टाकला, पुढे जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली.

टक्.

मी किल्ली परत घेतली, पुन्हा फिरवली. टक्. दिवे लागले होते. हॉर्न दाबला, वाजला. पुतण्या खिडकीशी आला. “हॉर्न तर वाजतो काका. बॅटरी तर आहे.” मला ठाऊक होते की बॅटरी आहे. मी गिअर तपासला, किल्ली काढून पुसली, पुन्हा लावली. माणूस अशा वेळी ज्या निरर्थक गोष्टी करतो त्या सगळ्या मी केल्या. शेजारी म्हणाले, धक्का मारू. पण पुढे भिंत होती, आणि मागून ओढून रस्त्यावर नेऊन धक्का मारायचा तर आत भाऊ होता, त्याची मान सावरत नव्हती. मीच नको म्हणालो.

मागे वळून पाहिले. पत्र्याच्या त्या भट्टीत तो माझ्याकडे पाहत होता. दुपट्टा एव्हाना वाळला होता.

“लहान्या,” तो म्हणाला, “भांडन मले करायचं होतं. हे तर तुही गाडीच करून राहिली.”

मी आणखी किती वेळा किल्ली फिरवली ते मला आठवत नाही. कोणीतरी दार सरकवले. त्याला पुन्हा चादरीत घेतले, पुन्हा घरात नेले, ज्या खाटेवरून उचलले होते तिच्यावरच ठेवले. माझा हात मी चादरीला लावला होता. पण उचलत होते ते लोक. शेजारी आपापल्या घरी गेले. पुतण्या म्हणाला, “राहू द्या काका आता. ऊन आहे.” त्याच्या स्वरात सुटका होती, ती मी ऐकली, तिच्यावर आज मी आरोप ठेवत नाही.

अकोल्यातलाच एक मिस्त्री आला तो ऊन कलल्यावर. आला, आणि त्याने काय केले असेल ते वाचकांनी ओळखले असेल. पुतण्याला त्याची मोटार पुढे घ्यायला सांगितली, व्हॅन मागे ढकलत फाटकाबाहेर काढली, कडुनिंबाखाली उभी केली, आणि मग किल्ली मागितली. व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले, मग पुतण्याकडे. “आजोबा, काई नाई याच्यात,” तो म्हणाला. पुतण्या काही बोलला नाही. त्या न बोलण्यातून पुढे हे निवेदन तयार झाले.

त्याच संध्याकाळी भावाला का नेले नाही, असे मला विचारतात. भाऊ त्या वेळी तापाने निजला होता. आणि तो जागा असता तरी ज्या गाडीने त्याला भर उन्हात असे फसवले, तिच्यात त्याला घालून मी महामार्गावर निघायचे होते काय? वाटेत बंद पडली असती तर? मी इंजिन बंद केले नाही. चालू गाडी रस्त्यावर ठेवून आत गेलो आणि त्याच्या खाटेशी उभा राहिलो. तो जागा झाला.

“दुरुस्त करून आणतो,” मी म्हणालो.

“आन,” तो म्हणाला. “मी कुठं चाललो?”

म्हणून मी एकटा निघालो. बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून वाटेत कुठेही न थांबता अमरावती गाठली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत निरुपयोगी दिवस आहेत. मी रोज सकाळी व्हॅन फिरवून तापवी आणि अंगणात उन्हात उभी करी. कधी दुपारी सुरू होई, कधी होत नसे. बंद पडली की माझ्या मिस्त्रीला फोन. “येतो चाचा, ऊन उतरू द्या.” तो येई तेव्हा ती सुरू. त्याने किल्लीचा स्विच बदलला, रिले बदलला. दर वेळी संध्याकाळी चालवून दाखवली आणि दर वेळी म्हणाला, झाली. मी त्याला अकोल्याची गोष्ट सांगितली. “खुदा खैर करे,” तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण दुपारी आला नाही. मी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो, तिथेही तेच झाले. भाऊ फोनवर विचारी, “झाली का?” मी म्हणे, “होईल.” नंतर नंतर तो विचारेनासा झाला, सून फोन घेई आणि सांगे की बाबा झोपले आहेत.

मग एका सकाळी उन्हे वर येत असताना फोन आला, आणि तो पुतण्याचा होता.

पत्नी म्हणाली, दुसरी गाडी पाहू. मी ऐकले नाही. जाईन तर हिच्यातच, असे मी ठरवले होते. पत्नीचे आवरेपर्यंत, अकोल्याहून अंत्यविधीची वेळ कळेपर्यंत दुपार झाली. किल्ली फिरवली. टक्.

मी मिस्त्रीला फोन केला आणि एवढेच म्हणालो, “माझा भाऊ गेला. मयतीला निघायचं आहे. गाडी लागत नाही.” तो ऊन उतरण्याची गोष्ट बोलला नाही. डोक्याला ओले फडके बांधून, भर दुपारी, मोटारसायकलीवर तो आला. आमच्याकडे मयताच्या कामाला कोणी वेळ पाहत नाही. जिवंत माणसासाठी जो भर उन्हात आला नव्हता, तो मेलेल्यासाठी आला. मी त्याला दोष देत नाही. मी फक्त क्रम सांगतो आहे.

आल्या आल्या त्याने सवयीने व्हॅनला हात लावला. “पैले सावलीत…”

“हात लावायचा नाही!” मी ओरडलो. मी दारासमोर उभा राहिलो. “ढकलली तर खबरदार. इथं, उन्हात, अशीच पाहायची.”

मग त्याने आसन उचलले. हात भाजत होते त्याचे. किल्ली फिरवून त्याने तो टक् आवाज स्वतःच्या कानांनी प्रथमच ऐकला. मग जोडकामाची जाड तार काढली, तिचे एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला लावले आणि दुसरे थेट इंजिनाला. “मारा चाचा.” गाडी सुरू झाली. बंद केली, तार काढली. टक्. लावली, सुरू. काढली, टक्. इंजिनाकडून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची तार, तिचे टोक त्यावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या आत हिरवे पडून सैल झाले होते. तापले की सुटे. सावलीत निवले, ढकलताना हिसका बसला, की पुन्हा धरे. बोटाएवढा भाग. त्याने नवी तार घातली.

“चाचा,” तो खाली पाहत म्हणाला, “इतकीच गोष्ट होती.”

अकोल्याला आम्ही वेळेत पोहोचलो. व्हॅन उन्हातच उभी राहिली, आणि परतताना सगळ्या नातेवाइकांसमोर पहिल्या किल्लीला सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत ती एकदाही अडलेली नाही. याचा उपयोग कोणी केला हे सांगायला नको. “बघा,” पुतण्या लोकांना म्हणतो, “चांगली तर आहे.” दुरुस्तीनेच माझा पुरावा नष्ट झाला. ती जुनी तार मी जपून ठेवली आहे, पण ती त्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, “काका, तार कोणतीही असू शकते.” मिस्त्रीला साक्षीला न्यावे, तर तो माझा मिस्त्री. शेजाऱ्यांनी बाहेरून फक्त किल्लीवरचा माझा हात पाहिला होता. खरी साक्ष त्या पत्र्याखाली झोपलेल्या माणसाची होती. त्याने तो आवाज ऐकला होता, त्यावर विनोदही केला होता.

म्हणून मी तारेचा मुद्दा सोडून देतो. पुतण्याने आपल्या निवेदनात एक वाक्य घातले आहे, जे घालण्याची त्याला गरज नव्हती: माझ्या घराच्या दारातून भावाची खाट आत गेली नसती, मग मी त्याला नेऊन ठेवणार होतो कुठे? हे दार त्याने लहानपणी पाहिलेले आहे, आणि त्याचे माप तो बरोबर सांगतो. दार अरुंदच होते. पाठ वर करता येणारी, दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट मी भाड्याने आणली, तेव्हा ती उभी, आडवी, तिरपी, कशीही आत जाईना. पुतण्या पत्रिकेच्या प्रकरणानंतर माझ्या घरी आलेला नाही. आला असता तर त्याला दिसले असते. अकोल्याला निघण्याच्या आदल्या दिवशी मी गवंडी बोलावून समोरच्या खोलीचे दार चौकटीसकट उखडून काढले होते, आणि ते अजून परत बसवलेले नाही.